माझी तांबोशी आणि रफिकचाचांचं तंगूस

मंडळी, हे आजच सांगायला हवं.

सकाळी आरोंद्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला गेले होते. रविवार असल्यामुळे जेटीवर उभं राहायला जागा नव्हती. शेवटी एका सत्तरीच्या चाचांच्या शेजारी घुसले. रफिकचाचा, हे नाव नंतर कळलं. पहिल्याच फेकीत माझी गरी, म्हणजे गळ, त्यांच्या तंगुसावर, गळाच्या नायलॉनच्या दोरीवर पडली.

"गो बाय, वायच सरकान उभी रव. पाणी सगळ्यांचा आसा."

मला राग आला. "जागा काय तुम्ही विकत घेतलीत?" असं बोलूनही गेले.

तासाभराने माझी काठी एकदम वाकली. मासा जोरात डावीकडे पळाला, थेट सगळ्यांच्या दोऱ्यांखाली.

चाचाच ओरडले, "गऱ्यो वर घेवा रे! चेडवाक मोठो मासो लागलो!"

आणि खरंच, एकेकाने पटापट गऱ्या वर घेतल्या. चाचांचं तंगूस मात्र माझ्या तंगुसात गुंतलेलं. त्यांनी खिशातली सुरी काढली आणि स्वतःचं कापून टाकलं.

"घाय नको. वायच ढील दी... आता ओढ!"

वर आला तो लालसर मासा, तांबोशी, तीन किलोची तरी असेल! अख्खी जेटी ओरडत होती. मी चाचांची माफी मागायला गेले, तर म्हणाले, "ता ऱ्हवांदे. आदी फोटो काड!"

त्यांच्या जागी मी असते, तर तोडून बोललेल्या अनोळखी बाईच्या माशासाठी माझं तंगूस कापलं असतं? कालपर्यंत तरी नक्कीच नाही.

तुम्ही कापलं असतं?