गळतीवरचा उपाय

नळवाल्याचा एकच कायदा होता: गळती दिसली की आधी वरचा कॉक बंद, मग बाकीच्या गप्पा. घरातही तेच. वाद वाढला की टीव्ही बंद, दूध वर येण्याआधीच गॅस बंद. बायको हे शेजारणींना रंगवून सांगायची आणि तोही लाजत हसायचा.

तिला डेंग्यू झाला तेव्हा त्याने फारसं मनावर घेतलं नाही. मागेही एकदा होऊन गेलेला. अंगाला सवय झाली असेल, असं तो ज्याला त्याला सांगत होता. डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाणी पाजायला सांगितलं आणि ताप उतरल्यावर नक्की दाखवून जा म्हणून बजावलं. पहिलं त्याने इमानेइतबारे केलं. ताप उतरला तसं दुसरं विसरून तो कामावर गेला.

दुपारी जेवायला घरी आला तर ती पोट धरून पडलेली. उलट्या झाल्या होत्या, पोट फुगलं होतं, हातपाय मात्र गार. एवढं पाणी पाजलं ते आत साठलं असणार, दुसरं काय? तिने पाणी मागितलं, तर जरा पोट उतरू दे म्हणून त्याने तांब्याच उचलून आत ठेवला. तिने पुन्हा मागितलं नाही. ऊन कलायच्या आधीच ती मोरीच्या दारात भोवळ येऊन पडली.

दवाखान्यात नाडी हाताला लागेना. सलाईन लावता लावता बाईंनी सगळं विचारून घेतलं. पाणी का थांबवलंत, असं त्या ओरडून विचारतील म्हणून तो अंग चोरून उभा होता. त्या हळूच बोलल्या, ते जास्त लागलं.

"पोटातलं पाणी तिने प्यायलेलं नाही हो. रक्तातलं पाझरलंय."

रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं नाजूक अस्तर असतं, त्या सांगत होत्या. विषाणू येतो, शरीराची फौज त्याच्यावर तुटून पडते आणि या हाणामारीत अस्तर सैल होतं. आधी वेगळ्या जातीचा डेंग्यू होऊन गेला असेल, तर फौज कधीकधी जास्तच बिथरते. मग रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाटतं आणि रक्ताचा दाब उतरतो. हे सगळं होतं नेमकं ताप उतरताना.

त्याने विचारलं, बंद कुठून करायचं. बंद करता येत नाही, त्या म्हणाल्या. एक-दोन दिवसांत आपोआप थांबतं. तोवर वरून भरत राहायचं, तेही मापात, नाहीतर छातीत उतरतं.

तो खाटेशी बसून राहिला. नर्स दाब मोजायला आली की तो यंत्राकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघायचा. ते तोंड काही सांगत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, नाडी लागतेय, घोट घोट पाणी द्या.

त्याने पेला धरला. दुसऱ्या हाताने तिची मान उचलून तो तिच्या ओठांशी नेला.

"चालेल ना आता?" बायकोने विचारलं. "मगाशी तुम्ही नको म्हणालात, तर मला वाटलं, डॉक्टरांनीच सांगितलं असेल."