कापूस पाहणारा फोन

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी बावीस वर्षांपासून ग्रेडर आहे. ग्रेडर म्हणजे आलेला कापूस पारखून त्याला कोणता भाव लागावा हे सांगणारा माणूस. गाडी आवारात लागली की मी तिच्यावर चढतो, कोपरापर्यंत हात आत घालतो आणि तळाचा कापूस वर काढतो. चिमूटभर घेऊन दोन्ही हातांनी धागा ओढून पाहतो. ओल किती, धागा किती लांब, हे बोटांना कळतं. जिनिंगचे मालक, आमचे शेटजी, पूर्वी शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि मी मान हलवली की सौदा करायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांचं बिऱ्हाड नागपूरला गेलं. त्या वर्षी सीझनच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक डबा पुढे सरकवला.

"खोला भाऊ. तुमच्यासाठीच आणला."

आत फोन होता, दुकानात काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवतात तसला. किंमत ऐकल्यावर मी तो परत डब्यात ठेवला. शेटजी हसले. "मी आता तिथूनच व्हिडिओवर माल पाहीन. तुम्ही फक्त दाखवत जा."

मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. संध्याकाळी आमच्या तांड्यावर गेलो आणि बायकोला टेकडीवरच्या देवळाचं निशाण कॅमेऱ्यात जवळ ओढून दाखवलं. कापडावरची शिवण दिसत होती. तिचा फोटो काढला तर रोजचं लुगडं नव्यासारखं लालभडक आलं. ती म्हणाली, "हे माहं लुगडं नाही."

फोन चांगलाच होता. भर दुपारच्या उन्हात स्क्रीन वाचता यायचा. एकदा पाण्याच्या टाक्यात पडला तरी काही झालं नाही. बॅटरी दिवसभर टिकायची. आमच्या तांड्यावर आधी बोलायचं तर बाहेर लिंबाखाली जावं लागे. हा घरात, चुलीपाशीही नेटवर्क धरायचा. त्यामुळे "रेंज नव्हती शेटजी" हे वाक्य माझ्या तोंडून कायमचं गेलं.

दोषही होते. कापूस ओढून ओढून माझी बोटं घासली आहेत, त्यामुळे फोन माझा ठसाच घेईना. चेहरा दाखवून उघडावा तर कापसाच्या धुळीमुळे नाकातोंडाला रुमाल बांधलेला. दर वेळी रुमाल सोडायचा, फोन उघडायचा आणि खोकायचं. चार्जिंगच्या छिद्रात तंतू जाऊन बसायचे. वजन असं की शर्टाचा खिसा लोंबायचा. आणि एका हातात तो धरला की कापसासाठी एकच हात उरायचा. धागा ओढायला दोन हात लागतात.

या अडचणी सोसता आल्या असत्या. पण एका दुपारी, दिवस कलून ऊन पिवळं पडत असताना, फुलसावंगीकडची एक बाई ट्रॅक्टर घेऊन आली. मी फोन पोत्यावर ठेवून दोन्ही हातांनी माल पाहिला. पहिल्या वेचणीचा, कोरडा, लांब धाग्याचा कापूस होता. मग फोन उचलून शेटजींना दाखवला.

"पिवळा वाटते भाऊ," ते म्हणाले. "पाणी लागलेला आहे."

"नाही शेटजी. उन्हानं तसा दिसून राह्यला. मी हात घालून पाह्यला."

"मी पाहून राह्यलो ना. खालचा भाव सांगा."

बाई ट्रॉलीच्या फळीला धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं. "भाऊ, तुमी हात लावला ना? मंग त्यायले कायले इचारता?"

मी फोन छातीशी दाबून धरला, तिचं बोलणं आत जाऊ नये म्हणून. तिनं ताडपत्रीची दोरी पुन्हा आवळली आणि ट्रॅक्टर वळवायला लावला. माझा कापूस चांगला आहे एवढं तरी तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी खाली उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडच्या सावलीत पांढरा कागद अंथरून त्यावर माल दाखवला. रंग खरा आला. शेटजी म्हणाले, "सावलीत कायले नेता? उजेडात दाखवा." त्या दिवसापासून ते माझ्यावरही नजर ठेवू लागले.

मी दुसरीकडे काम पाहायचं ठरवलं. सोयरिकीचं निमित्त सांगून सुट्टी घेतली आणि एसटीनं पुसदला गेलो. तिथल्या एका जिनिंगचे मालक ओळखीचे होते. त्यांनी चहा मागवला, माझ्या हातातला फोन पाहिला आणि म्हणाले, "असाच घेतला मी. अर्धा सीझन मी बाहेर असतो, ग्रेडरकडून व्हिडिओवरच पाहतो. तुम्हाला तर वापरायची सवय आहे, बरं झालं."

मी चहा संपवला, नंतर कळवतो म्हणालो आणि उठलो. स्टँडवर पोचायच्या आत फोन वाजला.

"भाऊ, पुसदले काय काढलं आज?" शेटजींच्या आवाजात राग नव्हता.

"सोयरे आहेत शेटजी."

"बरं, बरं. हरवला तर सापडावा म्हणून त्यात नकाशा लावून ठेवला हो मी. लवकर या, दोन गाड्या उभ्या आहेत."

एसटीत बसल्यावर फोन बंद करावासा वाटला. पण बंद का केला, हेही विचारलं असतं. तो मांडीवर उताणा ठेवून दिग्रसपर्यंत आलो.

सीझन संपल्यावर शेटजी आले तेव्हा मी फोन पुसून, डब्यात घालून त्यांच्यापुढे ठेवला.

"हा वापस घ्या शेटजी. मले साधाच बरा."

"काहून? बिघडला?"

मी ठशाचं सांगितलं, रुमालाचं, तंतूंचं, वजनाचं सांगितलं. खरी गोष्ट सोडून सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"बरोबर आहे तुमचं. नवं मॉडेल हलकं येते म्हणतात. तेच घेऊ."

नवा फोन दिवाळीआधी आला. बायको म्हणाली, "घेऊ नका."

"नाही घेतला तं काय सांगू?"

तिनं भुईमुगाच्या शेंगांचं सूप पुढे ओढलं आणि शेंगा फोडू लागली. जुन्या फोनमधलं सगळं, नंबर, फोटो, नकाशा, नव्यात आपोआप आलं. सोमवारी सीझन सुरू झाला. पहिली गाडी आवारात वळली तेव्हा शेटजी आधीच लाइनवर होते.