येथे गाड्या सोडू नयेत

हल्ली पेठेत मोटार उभी करायला जागा मिळत नाही म्हणून गळा काढणारे लोक भेटले की माझं डोकं फिरतं. अहो, ही जागा तुमच्यासाठीच तर मोकळी करून दिली. बैलगाड्या पेठेबाहेर घालवल्या त्या तुमच्यासाठीच. आणि घालवल्या कुणी? मी घालवल्या. स्वतःच्या हातानं, काळ्या फळीवर पांढऱ्या रंगात, चार शब्द लिहून. त्या चार शब्दांपायी माझ्या आईचा डोळा गेला. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही.

आम्ही उचगावचे. आमच्या घरात मराठी सातवी पास झालेला मीच पहिला. बेळगावात पेठेचा कारभार बघणाऱ्या एका कचेरीत मी कारकून म्हणून लागलो. कचेरीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. माझं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे पेठेतल्या पाट्या लिहायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अक्षराची ओळख नव्हती. पण भाताची गाडी घेऊन पेठेत आले की ते पाट्या शोधत हिंडायचे. मी ‘ग’चा काना जरा जास्तच खाली ओढायचो. ती खूण त्यांनी पकडली होती. पाटीवर बोट ठेवून बरोबरच्या गाडीवानांना सांगायचे, “ह्ये आमच्या पोराचं.” मला तेव्हा लाज वाटायची. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला बाप पाटी चाचपतोय, हे कचेरीतलं कुणी बघू नये असं वाटायचं.

त्या वेळी अख्ख्या पेठेत मोटारी दोन. एक कापडवाल्या सावकाराची, दुसरी कॅम्पातल्या ठेकेदाराची. आणि गाड्या? उचगावाकडून, सांबऱ्याकडून, चारी दिशांनी भात, मिरची, भाजी, लाकूडफाटा घेऊन रोज शे-दीडशे गाड्या यायच्या. पेठेच्या तोंडाशी रस्ता अरुंद. तिथंच एक वडाचं झाड. गाडीवान सावली बघून तिथंच बैल सोडत, चाकाला बांधत, वैरण टाकत. मग पाठच्या गाड्या अडकत आणि त्यांच्या मागं सावकाराची मोटार भोंगा वाजवत बसे. भोंगा ऐकून बैल बुजत, त्यातल्या एकानं मोटारीच्या दाराला शिंग लावलं आणि कचेरीत अर्ज आला. गाडीवानांनी वर्षानुवर्षं केलेल्या तक्रारी ज्या टेबलावर पडून होत्या, त्याच टेबलावरून सावकाराचा अर्ज दोन दिवसांत हलला. साहेबाचा हुकूम इंग्रजीत निघाला. त्याची मराठी पाटी करायची होती.

हेडक्लार्कनं मजकूर सांगितला, “येथे गाड्या उभ्या करू नयेत.” मी अडून बसलो. म्हटलं, रावसाहेब, उभी करणं वेगळं आणि सोडणं वेगळं. गाडीतनं बाईमाणूस उतरवायचं, पोतं उतरवायचं, तर गाडी घटकाभर उभी करावीच लागते. त्याला बंदी घालून कसं चालेल? बैल जुवातून काढून ठाण मांडून बसणं, त्याला आमच्याकडे गाडी सोडणं म्हणतात. बंदी तेवढ्यालाच घाला. खेड्यातल्या माणसाला त्याचाच शब्द असला की लगेच कळतं. हेडक्लार्क हसला. म्हणाला, “लिही बाबा, तू गाडीवाल्यांचा वकील.” त्या दिवशी मी छाती फुगवून घरी गेलो. आपल्या माणसांच्या बाजूनं आपण एक शब्द ओढून आणला, असं मला वाटत होतं. ‘येथे गाड्या सोडू नयेत’ असं मी लिहिलं, आणि गाड्यांच्या ‘ग’चा काना सवयीनं लांब ओढला.

पाटी वडाला टांगली आणि पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. पेठेच्या तोंडाशी उभा असलेला म्हातारा शिपाई स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. कुणी जुवाला हात घातला की तो ओरडायचा, “हितं सोडू नगंस, म्होरं मैदानात सोड.” गाडीवान हसत पुढं जायचे. मग त्याची बदली झाली. नवा शिपाई आला तो पार तिकडच्या कानडी मुलखातला. मराठी त्यानं बाजारात उचललेली. त्याला कुणी काही समजावलं नाही. पाटीवर लिहिलंय तसं वाग, एवढंच सांगितलं. त्यानं एकेक अक्षर लावून पाटी वाचली. सोडू नये म्हणजे काय? त्याच्या कानडीत बिडब्याड. जाऊ द्यायचं नाही. आला तो गाडीवान त्यानं हात आडवा करून थांबवला. पाटी वाचणारा गाडीवान एकही नव्हता. शिपाई जे सांगेल तेच पाटीवर लिहिलेलं.

त्याच दिवशी आप्पा आईला गाडीत घालून निघाले होते. दोन दिवस तिचा उजवा डोळा लालभडक झाला होता, डोकं फुटायची वेळ आली होती, पाणी प्यायली तरी उलटून पडत होतं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणायची. गावातल्या वैद्यानं हात टेकले. पेठेतल्या दवाखान्यात डोळ्याचा डॉक्टर महिन्यातून एकच दिवस यायचा आणि दुपारच्या आगगाडीनं परत जायचा. तो दिवस नेमका हाच होता. तिला बसवत नव्हतं. आप्पांनी गाडीच्या साट्यात पेंढा घालून तिला निजवलं आणि पहाटेच बैल जुंपले. ऊन चढायच्या आत ते पेठेच्या तोंडाशी पोचले. तिथून दवाखाना आणखी अर्धा कोस.

मी कचेरीत होतो. एक भाजीवाली दारात येऊन म्हणाली, “बाळासाब, तुमचं आप्पा गाडी घिऊन नाक्यावर थांबल्यात. तुमास्नी बलिवलंय.” आई बरोबर आहे हे तिनं सांगितलं नाही, तिला ते माहीतच नसावं. मीही विचारलं नाही. मला वाटलं, नेहमीसारखं तांदळाचं पोतं असेल. समोर हेडक्लार्क बसलेला. पोतं पाठीवर घेऊन पेठेतून चालायचं मला कधीच आवडलं नाही. म्हटलं, “जेवायच्या सुट्टीत येतो म्हणून सांग.” ती गेली. मी लिहीत बसलो.

सुट्टी झाल्यावर रमतगमत गेलो. वडाखाली आमची गाडी. बैल जुवातच उभे, तोंडाला फेस. साट्यात पेंढा आणि पेंढ्यावर आईचं लुगड्याचं धडपं. माणूस कुणीच नाही. शिपायाला विचारलं तर म्हणाला, “म्हातारा बायकोला पाठीवर घेऊन गेला की. लई येळ बसला हुता. पोरगा येतोय म्हणत हुता.” मी ओरडलो, गाडी का अडवलीस? त्यानं शांतपणे पाटीकडं बोट केलं. “लिवलंय की तितं. सोडू नये.” मी वर बघितलं. माझंच अक्षर होतं.

मी धावलो. दवाखान्याच्या पायरीवर आप्पा बसले होते, धापा टाकत. आईचं डोकं त्यांच्या मांडीवर. डॉक्टर घटकाभरापूर्वीच स्टेशनला गेला होता. मी टांगा करून स्टेशन गाठलं. फलाट रिकामा होता.

पुढच्या महिन्यात डॉक्टरनं डोळा बघितला. त्याच दिवशी आणलं असतं तर काही करता आलं असतं, म्हणाला. जखमेवर मीठ चोळायला डॉक्टर लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. डोळा काचेसारखा झाला होता.

पण माझा खरा संताप आहे तो पुढच्या गोष्टीचा. दुसऱ्या दिवशी मी हेडक्लार्कसमोर उभा राहिलो. म्हटलं, पाटीतला शब्द चुकला, माझी चूक, फळी उतरवा, मी दुसरी लिहून देतो. त्यानं विडा तोंडात सारला. म्हणाला, “असू दे रे. कालपासून रस्ता कसा लख्ख झालाय. सावकार स्वतः येऊन गेले, साहेब खूश आहेत. शिपाई वाचतोय तेच बरोबर.” झालं. एका शिपायाची चूक कचेरीचा नियम झाली. गाड्या कायमच्या बाहेर गेल्या. डोक्यावर भारे घेतलेल्या बायका अर्धा कोस चालू लागल्या आणि वडाच्या सावलीत सावकाराची मोटार उभी राहू लागली. मला साहेबानं सगळ्यांदेखत शाबासकी दिली. नोकरी सोडावी असं मनात आलं. सोडली नाही. बायको होती, पोरं होती, ही कारणं सगळेच सांगतात, मीही सांगतो.

आईनं मला कधी बोल लावला नाही. पुष्कळ वर्षांनी, आप्पा अंथरुणाला खिळले होते तेव्हा, ती सहज बोलता बोलता म्हणाली, “त्या दिशी बाकीचं गाडीवान चार वांगी शिपायाच्या हातावर ठिवून बगलंच्या बोळातनं गेलं की रं. मी पन म्हनलं ह्यास्नी, घाला गाडी बोळात. आयकलं न्हाईत. म्हनले, माझ्या पोराचं अक्षर हाय ते. मीच मोडलं तर बाकीची काय मानतील?” हे सांगताना तिला माझा राग नव्हता. उलट तिच्या एका डोळ्यात कौतुक होतं, नवऱ्याचं आणि माझंही.

आप्पा ऐकत होते. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. आवाज फार बारीक झाला होता त्यांचा.

“तसंच लिवलं हुतंस न्हवं रं? गाडी आत सोडायची न्हाय म्हनून?”

खोटं कसं बोलू? आणि खरं सांगितलं तर हा माणूस त्या वडाखाली बायकोला घेऊन कशासाठी थांबला होता?

“व्हय आप्पा,” मी म्हटलं. “तसंच लिहिलं होतं.”

“मग बरं झालं,” आप्पा म्हणाले. “थांबलो त्ये बराबरच झालं.”