तिच्या-माझ्या पायावरचे जंतू

"सेल्युलायटिस आहे, आबा. ॲडमिट व्हा," दौंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सेल्युलायटिस म्हंजी कातडीच्या आत जंतू शिरून तिथलं मांस सुजणं. माझा डावा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लालभडक झाला होता. अंगात थंडीताप होता.

मी एकच विचारलं, "कापणार का?"

माझी बायको हिरा. तिला शुगर होती. तिचं दुखणंही पायापासूनच सुरू झालं. आधी बोट कापलं, मग पाय, मग ती गेली.

"औषध लागू पडलं तर नाही," बाई म्हणाल्या. "पायाला काय लावत होता?"

"सडाचं औषध."

आमचा केडगावजवळ गोठा हाय. धार काढून झाली की गायीचे सड आयोडीनच्या औषधात बुडवतो, जंतू मरायला. हिरा गेल्यावर मला सगळीकडं जंतूच दिसायचे. रोज त्याच औषधानं पाय घासायचो, घासणीनं. कातडी फाटली तरी घासायचो.

नर्सनं लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारली. लाली रेघेबाहेर गेली तर अवघड. सलाईनमधून अँटिबायोटिक चालू झालं आन् मी त्या रेघेकडं बघत पडलो.

शेजारच्या खाटेवर सणसवाडीच्या कंपनीतला एक गडी होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आबा, गाय समजून पाय धुतला व्हय? दूध किती देतो?"

"तुझ्यापेक्षा जास्त," मी म्हणालो.

बाईंनी मला समजावलं. कातडीवर जंतू असतातच. बरेचसे काही करत नाहीत. उलट जागा अडवून बसतात, वाईट जंतूंना सहज टिकू देत नाहीत. इम्युनिटी, म्हंजी अंगातली राखण, त्यांना ओळखते, उगाच भांडत नाही. "तुम्ही कातडीच फोडलीत. भेगेतून जंतू आत शिरले, राखण उठली. ही सूज त्या मारामारीची."

पुढं लाली रेघेच्या आत सरकली. पाय वाचला.

घरी सोडायच्या दिवशी बाई पाय तपासत होत्या. म्हणाल्या, "एका घरात वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचे जंतूपण सारखे होतात. पायांवरचे तर जास्तच. एकाच फरशीवर चालता ना."

"बायको गेली माझी. तिचेबी असतील?"

त्यांनी मान वर केली. "काही असतील अजून."

मी चपला घातल्या. पोरगा गाडी घेऊन आला होता.

तुमच्यापैकी कुणाच्या पायाला भेग पडून लाली चढली, ताप आला, तर घरात बसू नका. गोठ्यातलं औषध गोठ्यात ठेवा. त्या बाईंचे आन् रेघ मारणाऱ्या नर्सचे माझ्यावर उपकार हायेत.

संध्याकाळी सून म्हणते, "मामा, पाय नीट घासून धुवा."

मी साबण लावतो, पाणी ओततो, बोटांच्या मधलं कोरडं करतो. घासत न्हाई.