त्या सकाळी कडी लागलेली नव्हती

बाई गेल्याची बातमी गावाला मीच दिली. तिच्यात एक वाक्य खोटं होतं. गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. आता दिवाळीही होऊन गेली, आणि ते वाक्य अजून आमच्या वरवट बकालमध्ये फिरतं आहे…

बाई म्हणजे माझी मोठी बहीण सुशीला. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच, मागच्या खोलीत राहायची. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि तिच्याबरोबर घरही हलतं. मे महिन्यात बाईच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडायची. माती आणि शेण कालवून ती बुजवायची आणि म्हणायची, "घराले भी उन्हाळी लागते." पावसाळ्यात भेग आपोआप मिटायची, पण मग दाराची चौकट तिरपी व्हायची. रोज सकाळी आतून खांद्याचे धक्के ऐकू यायचे. धप्, धप्… दार सुटायचं आणि बाई हसत स्वयंपाकघरात यायची.

यंदा चौकट एका बाजूने जास्तच खचली. युनूसभाई सुतार रंधा घेऊन आला होता. मीच त्याला परत पाठवलं. ओल्यात दार रंधलं की उन्हाळ्यात फट पडते, फटीतून विंचू येतो. आमच्याकडे सगळे हेच सांगतात, मीही सांगितलं. दिवाळीनंतर पाहू म्हणालो. बाई म्हणाली, "तवरोक मले खिडकीतून भाकर देजो बापू, जेलातल्यावानी." आम्ही सगळे हसलो.

आदल्या संध्याकाळी चहातल्या साखरेवरून बाईचं आणि माझ्या सुनेचं, वर्षाचं वाजलं होतं. बाईला मधुमेह, वर्षा साखर घालू देईना. नेहमीचंच. सकाळी मी ओसरीवर पेपर वाचत होतो. धक्के ऐकू आले, मग थांबले. पुन्हा एक आला, हलका. मला वाटलं, दमली असेल, घटकाभर बसेल. मी पान उलटलं… वर्षा चहा घेऊन गेली आणि हाका मारू लागली, तेव्हा उठलो. पहारीने फळी फोडली. बाई उंबऱ्याशी पडली होती. कडी खाली लोंबत होती. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलं असतं तर, एवढंच बोलून ते थांबले.

अंगणात कुणीतरी विचारलं, आतून कडी होती का? मी हो म्हणालो. फुगलेल्या दाराचं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न युनूसभाईला परत का पाठवलं, हा आला असता. संध्याकाळपर्यंत त्या 'हो'ची गोष्ट झाली: सुनेशी भांडून बाईने स्वतःला कोंडून घेतलं. तेरवीला आलेल्या बायकांनी वर्षाने दिलेला चहा तसाच ठेवला. मी पाहत होतो.

बाई रुसून कोंडून घेणारी नव्हती. भांडण झालं की दुसऱ्या सकाळी तीच आधी बोलायची. त्या सकाळीही ती बाहेरच येत होती.

मागच्या आठवड्यात हे सगळं वर्षाला सांगितलं. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कडी खाली होती. म्या पाह्यली होती, मामाजी."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी हो म्हनले होते ना."

युनूसभाईने नवी फळी बसवली आहे. जमीन वाळली, चौकट जागेवर आली. दुपारी वर्षा बाईच्या खाटेवर एकटीच बसते. पूर्वी त्या खोलीत आळीतल्या चारचौघी असायच्या. ज्या पेपरात हे छापायला देतो आहे, तो त्यांच्या घरीही येतो. त्यांनी हे वाचावं आणि तिच्याकडे यावं. दार उघडंच असतं.