आदेशाचं दुसरं पान
राष्ट्रपतींच्या नावाने निघालेला तो आदेश दोन पानांचा होता. दिल्लीचे आदेश त्यांच्याच नावे निघतात. देशाच्या सुरक्षेसाठी परवानगीविना उडणाऱ्या ड्रोनवर नजर ठेवा, एवढंच पहिल्या पानावर होतं. मुंबईत त्याला 'तातडीने' चिकटलं, विभागात 'संशयित', आणि आमच्या साहेबांनी 'प्रत्येक तालुक्यातून किमान एक कारवाई' अशी भर घातली. मी बुलढाण्यातल्या एका सरकारी कार्यालयातला कारकून. निमूट टाइप केलं.

आठ दिवसांत मेहकरकडच्या एका गावातून कारवाई आली. फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान मिस्त्रीचा ड्रोन जप्त. गावच्या सोयाबीनवर तो त्या ड्रोननं औषध फवारायचा. दुसऱ्याच दिवशी दोन हिंदू शेतकऱ्यांना घेऊन तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला.

"साहेब, फवारणीचा ड्रोन हाय. कागदं बी हायेत. मंग काऊन नेला?"

मूळ आदेश त्या दिवशी मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं : नोंदणीकृत शेतीचे ड्रोन वगळावेत. तो घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेलो.

"वर कोणी दुसरं पान वाचलं नाही, तुम्हीच कशाला वाचता?" साहेब म्हणाले. "अहवाल गेलाय. आता सोडला तर आपण चुकलो असं होईल."

बाहेर येऊन मी बेधडक खोटं बोललो, "दिल्लीहून मार्गदर्शन मागवलंय."

एक शेतकरी मिस्त्रीकडे वळला. "दिल्लीले आपल्या अळ्या दिसून राह्यल्या का बे?"

मिस्त्री हसला नाही.

न मागवलेलं मार्गदर्शन येणार कुठून? अळ्यांनी पानांची चाळण केली. पाठीवर पंप घेऊन फवारताना त्याच शेतकऱ्याला विषबाधा झाली. दवाखान्यात चार दिवस काढून तो वाचला. देशाच्या सुरक्षेत त्याचा जीव मोजायची सोय नव्हती.

हंगाम सरल्यावर ड्रोन सुटला. मिस्त्रीनं पावतीवर 'पंखा मोडलेला मिळाला' असं लिहिलं, साहेबांच्या मराठीपेक्षा सुबक मराठीत. साहेबांनी ती ओळ घालवायला सांगितली. तिच्यावर पांढरी शाई मीच फिरवली.

'जिल्ह्यातील संभाव्य धोका टळला', असा अहवाल वर गेला. साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. सत्काराचा हार मी आणला, आणि टाळ्याही वाजवल्या.