पडीत

पिंपळगाव राजापासून चार किलोमीटरवर आमचं गाव. उमैमा ही तिथल्या गाद्या भरणाऱ्या मेहबूबभाईंची तेवीस वर्षांची पोरगी, बोलायला कमी आणि लिहायला पक्की. मी ग्रामपंचायतीचा शिपाई. आमच्याकडे ठराव म्हणजे आधी सह्या, मग मजकूर. ही मात्र मजकूर आधी आणायची.

गावामागच्या टेकडीवर खदान येणार अशी कुणकुण लागली. तिथं हिवर, बोरी, म्हाताऱ्या भिमाबाईच्या शेळ्या, आणि विहिरींचा झराही तिथलाच. उमैमानं पोरं जमवली, उन्हात झाडं मोजली आणि खदानीविरुद्ध ठराव लिहून माझ्याकडे आणला. जमिनीचं नाव तिनं सरकारी लिहिलं होतं, ‘ई-क्लास गुरचरण’.

मी शहाणपणा पाजळला. “ई-क्लास कोनाले समजते? पडीत लिही. सारं गाव पडीतच म्हनते.”

“हाव कडूबा काका,” म्हणाली आणि खोडून लिहिलं.

आमच्या तोंडी पडीत म्हणजे नांगर न लागलेली, सगळ्यांची जागा. ग्रामसभेत झाडून सगळ्यांनी हात वर केले. पुढं खदानवाल्याच्या वकिलानं तालुक्याला आमचाच ठराव साहेबापुढं ठेवला. त्याचं म्हणणं, गुरचरणाला कायद्याचं संरक्षण असतं, पण गावच म्हणतं जमीन पडीत, म्हणजे तिचा कुणाला उपयोग नाही. मंजुरी मिळाली. अपिलाच्या तारखा पडत राहिल्या आणि सुरुंग उडत राहिले. टेकडी अर्धी गेली, भिमाबाईनं शेळ्या विकल्या.

उमैमा रडली नाही, भांडलीही नाही. विचारलं तर हो-नाही म्हणायची. मलाही नीट झोप लागायची, खोटं कशाला सांगू?

यंदा ग्रामसभेत तिनं नवा नियम मांडला. गावच्या जमिनीच्या प्रत्येक ठरावात गट नंबर आणि सातबाऱ्यावरचं नाव लिहायचं, आणि त्याचा अर्थ सभेत सांगायचा. नियम मंजूर झाला. कुणी टाळी वाजवली नाही.

भिमाबाई उठली. “मंग तवा पडीत लिहायले कोनं सांगतलं होतं, पोरी?”

उमैमानं माझ्याकडं पाहिलंही नाही. “मीच लिहिलं, आजी.”

मी दाराशीच उभा होतो, एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. लाज वाटायला हवी होती, पण आत काहीच हललं नाही. पाणी वाटायचं राहिलं होतं, ते वाटलं.